माझ्या भल्यासाठी

९ जानेवारी

ताई,

फोन करू नका. केलात तरी मी उचलणार नाही. फोनवर तुम्ही रडता आणि मग तुम्हाला गप्प करण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. कागदावर काय रडायचं ते रडा.

तुमच्या भाच्याला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. परवा मोठ्या इस्पितळात त्याची तपासणी झाली. भिंतींना गादीसारखं अस्तर लावलेली एक खोली असते, तिथे त्याला माझ्या मांडीवर बसवून डोक्यावर हेडफोन चढवले. काचेपलीकडच्या बाई बटण फिरवत होत्या, फिरवत होत्या, आणि हा माझ्या पर्सची चेन उघडून बंद करण्यात दंग. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "फार मोठा धडाका झाला तरच थोडंसं जाणवतं याला. तीन वर्षांचा झाला की हो. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी काय सांगणार? टायरच्या दुकानात मी काउंटर सांभाळते, पाळणाघर परवडेना म्हणून त्याला मागच्या बाकावर निजवायची. हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की गिऱ्हाईक दचकायचं, हा कूसही बदलायचा नाही. मालक म्हणायचे, "काय गुणी पोर आहे, अगदी मुनी आहे मुनी." तेच नाव पडलं. मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

आता हे कसं कळलं ते ऐका. गेल्या आठवड्यात तुमच्या आईंनी सकाळचं इन्सुलिन मी देताना मुकाट घेतलं आणि मी दुकानात गेल्यावर न खाता शेजारणीशी नळावरून भांडायला गेल्या. दुपारी मी मुनीला घेऊन जेवायला घरी आले तर त्या पलंगावर घामाने निथळत बसलेल्या, हात थरथरताहेत, डोळे कुठेतरी भलतीकडे. साखर पार खाली गेली होती. तुम्हीच शिकवलं होतंत काय करायचं ते. मी साखरेचं पाणी केलं, मान धरून घोट घोट पाजत राहिले. त्या मला तुम्ही समजल्या. माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "अगं, वहिनीला सांगू नकोस हं. पोराला ऐकू येत नाही ते सांगू नकोस. मरेल ती. थोडी सावरू दे तिला."

मी ग्लास खाली ठेवला नाही. सगळं पाणी पाजलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, काही बडबडले का मी?"

"काही नाही," मी म्हटलं.

मग स्वयंपाकघरात गेले. मुनी फरशीवर डबे एकावर एक रचत पाठमोरा बसला होता. मी मांडणीवरची स्टीलची ताटं सगळीच्या सगळी उचलली आणि त्याच्या पाठीमागे सोडून दिली. शेजारीण धावत आली. आई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या. मुनीने पुढचा डबा रचला.

खरं सांगू? हे अहो-जाहो आता हातून लिहवत नाही. तू नवऱ्याची मोठी बहीण, डॉक्टर, घरात मान असलेली. लग्न होऊन आले तेव्हापासून तुला कधी एकेरी हाक मारली नाही. आज मारते आहे. मुलांची वाढ आणि मोठ्यांचे जुने आजार ह्यांच्या अभ्यासासाठी तू आपली वस्ती निवडलीस, तेव्हा मी पहिलं घर आमचं दिलं. वस्तीतले लोक दारात उभं करत नव्हते, तेव्हा "माझ्या वहिनीनेसुद्धा नाव दिलंय" असं तू सांगत फिरायचीस. मुनी दीड वर्षाचा असताना तू स्वतः त्याची तपासणी केलीस, इथे, ह्याच घरात.

तेव्हा तुला कळलं होतं का? हो की नाही, एवढंच लिही. डॉक्टरी खुलासा नको.

– तुझी वहिनी


२ फेब्रुवारी

ताई,

एका शब्दाचं उत्तर मागितलं होतं, तू जाडजूड पाकीट पाठवलंस. त्यात "हो" कुठे आहे ते शोधायला मला निम्म्याहून जास्त पानं उलटावी लागली. आधी तुझी झोप उडाल्याचं, मग अभ्यासाचे नियम, मग कुठे तो "हो", तोही अंग चोरून बसलेला.

तू लिहितेस, त्याच्या पाठीमागून खुळखुळा वाजवला, तो वळला नाही. वाटी वाजवली, वळला नाही. तुला त्याच क्षणी कळलं. मी आतल्या खोलीत होते. दुसरं बाळ पोटातच गेल्याला आठवडाही झाला नव्हता. तू सांगायला आत यायला निघालीस आणि आईंनी उंबऱ्यात तुझा हात धरला. "आत्ता नको, तिला उभी राहू दे." तू थांबलीस. मग पुढच्या महिन्यात सांगू म्हणालीस. मग मी हसायला लागले होते, ते मोडवेना. मग तुझी बदली झाली आणि तू दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात जाऊन बसलीस.

वाईट वाटतं ना वाचताना? मलाही वाटलं. क्षणभर तुमची दोघींची दयाच आली. मग त्या दयेचाच संताप आला. माझं बाळ गेलं, ते माझं दुःख होतं. तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत आणि त्याचा पडदा करून माझ्या जिवंत पोराला त्याच्याआड ठेवलंत.

इस्त्रीवाल्याची मुलगी आठवते? त्याच आठवड्यात तपासली होतीस तू. वेळेवर उभी राहत नव्हती. तू तिच्या आईला तिथल्या तिथे सांगितलंस, "हिच्या पायांत जोर कमी आहे, उद्याच्या उद्या दाखवायला चला." ती बाई तुला वाटेल ते बोलली. माझ्या पोरीला नजर लावायला आली म्हणाली, तुझ्या हातातली पिशवी रस्त्यावर फेकली. तू पिशवी उचललीस आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा घेऊन तिच्या दारात उभी राहिलीस. आज ती पोरगी आमच्या दुकानासमोरून पळत बालवाडीत जाते. मागून तिची आई ओरडते, "हळू जा, मेले, पडशील."

त्या बाईच्या शिव्यांना तू घाबरली नाहीस. मला घाबरलीस. मी काय केलं असतं? रडले असते. धाय मोकलून रडले असते आणि दुसऱ्या दिवशी पोराला काखोटीला मारून इस्पितळाच्या रांगेत उभी राहिले असते. एवढी तरी ओळख असायला हवी होती तुला माझी.

कानाच्या बाई सांगतात, ह्या वयातलं प्रत्येक वर्ष फार मोलाचं असतं, बोलणं डोक्यात ह्याच दिवसांत रुजतं. हे त्या मला सांगतात! मी मान हलवते. हे वाक्य मी आधी ऐकलं आहे, तुझ्याच तोंडून, वस्तीच्या सभागृहात, मी स्वतः खुर्च्या लावल्या होत्या तेव्हा.

तुझ्या भावाला सांगितलं. तो ट्रक घेऊन बाहेरगावी होता, घरी आल्यावर चहा हातात दिला आणि सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "ताईचं चुकलंच. पण तिच्या मनात वाईट नव्हतं." मी म्हटलं, "मनात काय होतं ते घेऊन मी काय करू? पोराच्या कानात घालू?" त्या दिवसापासून तो माझ्याशी जपून बोलतो. घरात सगळे माझ्याशी जपूनच बोलतात म्हणा.

आणि रोज सकाळी मला तुझ्या आईच्या पोटाला चिमटीत धरून सुई टोचायची असते. त्या झगा वर करतात आणि भिंतीकडे बघतात. पहिले काही दिवस काय काय मनात यायचं ते लिहीत नाही. पण एकदाही जोरात टोचली नाही, हे मात्र लिहून ठेवते. काल त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून ती गप्प बसली. तिला बोलू नकोस."

मी म्हटलं, "आई, तुम्ही शाळेची पायरी चढला नाहीत. तिचं सगळं आयुष्य शिकण्यात गेलं. तुम्ही सांगितलं आणि तिने ऐकलं?"

"लेक आहे माझी," त्या म्हणाल्या.

"आणि तो लेक आहे माझा."

मग बोळा दाबून धरला आणि झगा खाली केला. 

– वहिनी


१९ फेब्रुवारी

ताई,

नोकरी सोडलीस म्हणे. तुझ्या पत्रातली ती ओळ मी तुझ्या भावाला वाचून दाखवली तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, तिला किती लागलं असेल." माझ्या तोंडून शिवी गेली. मुनी समोर होता, त्याला काय फरक पडतो म्हणा.

कुणी सांगितलं होतं तुला? मी? माझ्या कुठल्या पत्रात लिहिलंय की नोकरी सोड म्हणून? चूक माझ्या घरात केलीस आणि शिक्षा वस्तीला!

आजवर इथे तपासायला येणाऱ्यांवर कार्यालयातून तुझी नजर तरी होती, आता कोण येतं, माहीत आहे? एक नवी मुलगी. फार गोड बोलते. सगळ्यांना म्हणते, "छान वाढ आहे हं बाळाची." रंगाऱ्याच्या सुनेचं पोर कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, बोटं हलवत नुसतं बसून राहतं, त्यालाही छान. हातगाडीवाल्या काकांच्या पायाची आग होते, तळव्याला लागलेलं कळत नाही, त्यांनाही, "काका, तब्येत छान दिसतेय." तिला कुणी वाईट तोंडाने बोलत नाही. चहा मिळतो घरोघर. तुला मिळत नव्हता, कारण तू खरं सांगायचीस. एक आमचं घर सोडून सगळीकडे सांगायचीस.

रंगाऱ्याच्या सुनेला शेवटी मीच सांगितलं. मला त्यातलं काय कळतं? पण तोंड उघडता येतं. ती माझ्यावर चिडली. आठवडाभर बोलत नव्हती. आज दुकानात आली आणि विचारलं, "तुमची नणंद येते का अजून? तिला दाखवायचं होतं." काय सांगू तिला? ती घरी बसून स्वतःला शिक्षा करतेय म्हणून?

परत जा. हातापाया पड, अर्ज लिही, काय करायचं ते कर, पण परत जा. हे मी माफ केल्यामुळे सांगत नाहीये. माफ केलेलं नाही. तू घरी बसलीस तर माझं नुकसान भरून येत नाही, आणखी चार पोरांचं होतं, म्हणून सांगतेय.

दुसरं. आईंना तुझ्याकडे घेऊन जायचं लिहिलंस. तुझ्या भावाने विचारण्याआधीच मी हो म्हटलं आणि बॅग काढली. कपडे भरले, सुया भरल्या, साखर तपासायचं यंत्र भरलं. आई पलंगावर बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी जायची नाही."

"का? तुमची लेक डॉक्टर आहे. सगळं नीट होईल."

"तिचा हात जड आहे," त्या म्हणाल्या. "फार दुखतं तिने टोचलं की. तुझाच हात हलका आहे."

हसावं की बॅग डोक्यात घालावी, कळेना. तू इतकी शिकलेली डॉक्टर, आणि तुझी आई सुई माझ्याच हातची मागते. बॅग रिकामीही मलाच करावी लागली. तेव्हा आई इथेच आहेत. त्यासाठी माझे आभार मानणारं पत्र पाठवू नकोस.

– वहिनी


२७ मार्च

ताई,

तू परत रुजू झालीस आणि महिन्यातून दोन दिवस आपल्या वस्तीत येणार, असं त्या नव्या मुलीने सांगितलं. रंगाऱ्याच्या सुनेला निरोप दिलाय. बरं केलंस. सलोखा झाला असं मात्र समजू नकोस.

मुनीला ऐकायची यंत्रं बसवली. काल. त्यासाठी लिहायला बसले, कारण तुझा भाऊ तुला फोनवर "छान झालं" एवढंच सांगेल. छान काय झालं आणि काय नाही, ते माझ्याकडून ऐक.

कानाच्या बाईंनी दोन्ही कानांत साचे बसवले, मागे यंत्रं अडकवली. आधी त्यांनी टेबलावर टकटक केली. त्याने टेबलाकडे पाहिलं. मग टेबलाखाली पाहिलं. बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही बोला. आईचा आवाज ऐकू दे त्याला."

आणि ताई, माझ्या तोंडून शब्द फुटेना. काय बोलतात अशा वेळी? त्याचं नाव घ्यायला गेले तर "मुनी" आलं ओठावर, आणि ते नाव गिळलं. खोलीत सगळे माझ्याकडे बघताहेत, तुझा भाऊ फोन धरून फोटो काढायला उभा. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "घाई नाही. घरी जाऊन बोला." त्याने ऐकलेला पहिला माणसाचा आवाज त्या बाईंचा. तेही गेलं हातचं.

वाटेत रिक्षात तो दोन्ही हातांनी कान झाकून बसला. मी काहीच बोलले नाही. मनात ठरवत होते, घरी गेल्यावर दार लावायचं, त्याला जवळ घ्यायचं आणि सावकाश, नीट काहीतरी सुंदर बोलायचं.

घरी आलो तर आई पलंगावर बसल्या होत्या, एक पाय दुसऱ्याच्या आड दडवून. खोलीला वास येत होता. मी ओळखला. सभागृहातल्या तुझ्याच वर्गात शिकले होते, साखर असलेल्या माणसाचा पाय रोज बघायचा. "पाय दाखवा," मी म्हटलं. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. मी चादर ओढली. अंगठ्याच्या खाली जखम, काठ काळपट, आत पिवळं. बरेच दिवसांचं होतं ते. वरून मोजा घालून बसत होत्या.

"कधीपासून आहे हे?"

"तू पोराच्या मागे धावत होतीस ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आणखी तुझ्या जिवाला घोर कशाला. यंत्रं बसू देत, मग सांगू."

मग सुटलं माझं तोंड.

"पुन्हा? पुन्हा मला सांगायचं नाही? काय समजता तुम्ही मला, काचेची आहे मी? ह्या घरात जो तो माझ्या भल्यासाठी गप्प बसतो! पोराचे कान गेले माझ्या भल्यासाठी, आता पाय जाऊ दे तुमचा माझ्या भल्यासाठी! उद्या मेलात तरी सांगू नका मला, मी कामात असेन!" असं आणि ह्याहून वाईट. बेंबीच्या देठापासून ओरडत होते. तुझा भाऊ दारातच थिजला. शेजारणीने खिडकी उघडली.

आणि मला दिसलं की मुनी माझ्याकडे बघतोय.

मी रागावले की तो नेहमी बघतो, माझ्या हातांकडे, माझ्या भुवयांकडे. हे तसं नव्हतं. तो आईंच्या पायाशी खेळत होता, माझ्याकडे पाठ होती त्याची, आणि तो वळला होता. तोंड उघडं. एक हात कानावर, यंत्राला धरून. मी गप्प झाले तसा त्याचा चेहरा पडला. काहीतरी आलं होतं आणि गेलं होतं. तो उठला, माझ्याजवळ आला आणि माझी हनुवटी धरून हलवायला लागला, बंद पडलेलं खेळणं हलवावं तसा.

मला रडू फुटलं. ताई, माझ्या लेकाने ऐकलेला माझा पहिला आवाज हा. असा. किती दिवस काय काय ठरवलं होतं मी, आणि त्याच्या कानात पहिलं पडलं ते हे.

तेव्हा आई म्हणाल्या, "थांबू नकोस गं. बोल. तो ऐकतोय."

त्यांचा तो पाय तसाच उघडा, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि मला हाताने खुणावताहेत, बोल, बोल. "मला दे शिव्या, माझ्या आईबापाला दे, पण बोल."

तर मी बोलले. त्याला कडेवर घेतलं आणि बोलत सुटले. तुझ्या भावाला सांगितलं, दारात खांबासारखा उभा राहू नकोस, रिक्षा थांबव, आईंना घेऊन जायचंय. (गेलो. जखम स्वच्छ केली, अंगठा वाचेल म्हणतात, पण रोज पट्टी. ती कोण करणार, ते तू विचारू नकोस.) रिक्षात आई एका बाजूला, मी मध्ये, तो मांडीवर, आणि माझं तोंड चालूच. त्यांना बोलले, तुझ्या भावाला बोलले, पोराला मुनी म्हणणाऱ्या त्या टायरवाल्या मालकालाही बोलले. कुठे थांबले की तो हनुवटी हलवायचा आणि आई म्हणायच्या, "हं, पुढे."

आणि सगळ्यांचं झाल्यावर तुझ्यावर आले. तुझा असा उद्धार केला, असा केला, की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. जे पत्रांत लिहायचं राहिलं होतं ते सगळं बोलले. एकही शब्द गाळला नाही.

त्याने सगळं ऐकलं.

– वहिनी